मार्थाअक्काचं मत

शिरपूरकडच्या एका पाड्यावर मार्था पावरा रविवारची प्रार्थना चालवायची. तिचा थोरला मुलगा गावातल्या रतनसिंगच्या हातभट्टीची दारू पिऊन दगावला होता. यंदा तोच रतनसिंग सरपंचपदाला उभा राहिला, आणि त्याच्यासमोरचा उमेदवार प्रार्थनाघराला कुलूप लावीन म्हणून सांगत फिरत होता.

मार्थानं फादरांना विचारलं, "मत कोणाला देऊ?"

"नाव मी सांगणार नाही, अक्का. दोघंही वाईट असले, तर ज्याच्या हातून कमी नुकसान होईल त्याला देता येतं. ठरवायचं तुमच्या विवेकानं."

मतदान केंद्रात ती बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिनं रतनसिंगच्या नावापुढचं बटण दाबलं.

तो निवडून आला. प्रार्थनाघर उघडं राहिलं, पण भट्टीही आता राजरोस पाड्याच्या तोंडाशी आली. तिचा धाकटा मुलगा तिथंच बसू लागला. मार्थानं फादरांपुढे गुडघे टेकून सगळं सांगितलं.

"हे पाप नाही, अक्का. तुम्ही विचार करून मत दिलंत."

"मंग मी माफी कशाची मांगू?"

मार्था उठली आणि धाकट्याला आणायला भट्टीकडे निघाली.