बरं हाय, सायेब

"दुखतंय की नाही, ते तू नाही सांगायचं. ते आम्ही ठरवणार."

सांगलीच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्यासमोर मोठे डॉक्टर मला हे बोलले. बाजारात वांगी दाबून बघावीत तशी माझं एकेक बोट दाबत होते. मी कळवळले. ते पोरांकडं वळले. "बघा, सूज उतरली, तरी हिची कुरकुर चालूच. या लोकांना खाटेवर आयतं मिळतं ना! कामावर कशाला जातील?"

पोरं हसली. त्यात एक मुलगी होती, तीपण हसली. तिचं हसणं मला अजून टोचतं.

आम्ही पलूसकडची. स्वतःचं रान नाही, दुसऱ्याच्या उसात भांगलण करायची, खुरप्यानं तण काढायचं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, तेव्हापासून हाताचे सांधे सुजायला लागले. पुढं खुरपंच धरवेना. दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टर आधी "बसा" म्हणाले. मग गाव विचारलं. आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर 'बसा'चं 'बस' झालं.

आम्हा बायकांवर नव्या गोळ्यांची परीक्षा चालली होती. आमची मर्जी कुणी विचारली नाही. "नवीन औषध आहे, घे," एवढंच. सूज उतरली हे खरं. पण गोळी पोटात गेली की आग पडायची. कान वाजायचे. डॉक्टर फीत घेऊन बोटं मोजायचे. पोटातल्या आगीला फीत लागत नाही, म्हणून ती आग त्यांच्या लेखी नव्हतीच.

मोजून झालं की विचारायचे, "कसं काय, बरं आहे ना?" आणि बायका म्हणायच्या, "बरं हाय, सायेब."

सगळा घोळ इथंच. आमच्याकडं 'बरं हाय' म्हटलं म्हणजे बरं असतंच असं नाही. ती रीत आहे. चूल पेटली नसली तरी दारात आलेल्याला 'बरं हाय' म्हणायचं. राम रामला राम राम, तसं. डॉक्टर इथलेच. त्यांना हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण बाई बरं म्हणाली म्हणजे औषध लागू पडलं, हे त्यांच्या सोयीचं होतं.

शेजारच्या खाटेवर मलकापूरची हौसाआक्का होती. वयानं मोठी, मायाळू बाई. पोटाला हात लावून दिवसभर कण्हायची. डॉक्टर आले की मात्र पदर सावरून उठून बसायची. "बरं हाय, सायेब."

मी चिडले. "आक्का, खोटं का बोलतीस?"

"आगं, एवढा मोठा मानूस खाटंपाशी येऊन इचारतोय. त्येच्याम्होरं काय रडायचं? बरं दिसतं का त्ये?"

त्या बरं दिसण्यानंच आक्का गेली. वेणी घालता घालता रक्ताची उलटी झाली. तिला उचलून नेलं ते नेलंच. संध्याकाळी तिचा भाऊ आला आणि लुगड्याचं गाठोडं काखेत मारून रडत गेला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून कुणी बडे डॉक्टर पाहुणे आले, मागं शिकाऊ पोरांचा घोळका होताच. आक्काच्या खाटेवर धुतलेली चादर होती. पाहुण्यांनी त्या खाटेबद्दल विचारलं. आमचे डॉक्टर म्हणाले, "ती आधीपासूनच अशक्त होती. औषधाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. स्वतः बरं आहे म्हणाली होती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या बाईनं राखलेला मान यांनी तिच्याच विरुद्ध साक्षीला उभा केला.

मग माझ्याकडं वळले. "काय गं, बरं आहे ना?"

"न्हाई."

"काय?"

"बरं न्हाई. पोटात आग पडतीया. कान वाजत्यात. आक्कालाबी ह्येच हुतं. तिनं तुमचा मान राखला आन् मेली. मी न्हाई राखनार." उशाची गोळी उचलून मी त्यांच्यासमोर धरली. "ही तुमी खावा. मग मी इचारते, बरं हाय का."

या वेळी कुणी हसलं नाही. ती मुलगीसुद्धा नाही. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "हिला घालवा. आत्ताच्या आत्ता."

गोळ्या थांबल्या नाहीत. गाठोडं घेऊन दारापर्यंत गेले तेव्हा पलीकडच्या खाटेशी तोच प्रश्न चालला होता. आणि तेच उत्तर. मी तिथूनच ओरडले, "बायांनो, बरं नसलं तर बरं म्हनू नगा!" आयानं दंडाला धरून मला बाहेर काढलं. निरोप गेल्यावर न्यायला आलेल्या नवऱ्यानं वाटभर तोंड फिरवलं. डॉक्टरला उलट बोलणारी बायको त्याला लाजिरवाणी वाटत होती.

बोटं वाकडीच राहिली. त्या दिवसापासून मी ती रीत मोडली. कुणी 'बरं हाय का?' म्हणून विचारलं, तर दुखतंय ते दुखतंय म्हणते. गाव मला तोंडाळ म्हणतं. म्हणू दे. मला विचारायचं असेल तर ऐकायच्या तयारीनं विचारा. तुमच्या मानासाठी मी बरी होणार नाही.