आमच्याच फक्कीवर पिवळे पट्टे

गावातल्या ताई-भाऊ हो, आज सकाळी भाजीची टोपली घेऊन बाजारात गेली, तं आमच्या जागेवर मोटारी उभ्या.

उन्हाळ्यात नगरसेवक भाऊ आले होते. म्हणे, "ताई, पुढचा विचार करून बाजार मोठा करून राह्यलो. कोणाले किती जागा लागते ते तुम्हीच चुन्याची फक्की टाकून दाखवा. तिथंच ओटे बांधून देतो."

आम्ही बायांनी पांढरी फक्की टाकली. गिऱ्हाईकाले वाट सोडली, संडासाले जागा सोडली. मंग काम होईपर्यंत उठलो. कोणी उठत नव्हतं, मीच सगळ्यायले उठवलं.

आज त्याच रेघांवर पार्किंगचे पिवळे पट्टे मारलेले. एका बाईच्या जागेत एक मोटार बरोबर बसते.

भाऊले फोन लावला. म्हणे, "ताई, प्लॅन वरून बदलला."

"मंग फक्की आमच्या हातानं काऊन टाकवली?"

फोन बंद.

बाजूची कांदेवाली म्हातारी म्हणे, "तुह्या शब्दावर उठली व माय. आता कुठी बसू?"

ताई-भाऊ हो, उद्या तुम्ही तिथं गाडी लावसान, तं खाली उतरून भाजी कोणापाशी घेसान?