हुंगून पाहिलेली गाडी

बाजारातले सगळे त्या गॅरेजवाल्याला नाकोबा म्हणायचे आणि तोही त्या नावाला खुशाल ओ द्यायचा. गाडी चढावर दमली, पिकअप घेईना झाली, की बाकीचे गॅरेजवाले आधी तिला स्कॅनर जोडत. हा पठ्ठ्या इंजिन चालू ठेवून मागे जायचा, सायलेन्सरपाशी उकिडवा बसायचा, तळव्याने धूर नाकाकडे ओढायचा आणि डोळे मिटायचा. मग निकाल. "पेट्रोल जास्त जातंय." "एक प्लग मेलाय." "ऑइल जळतंय, रिंगा गेल्या." आणि तसंच निघायचं! तीस वर्षं हे चाललं. लोक हातातली कामं टाकून बघायला उभे राहायचे.

असलं नाक घेऊन सुखाने जगता मात्र येत नाही. घाणीचा त्याला विलक्षण तिटकारा. गिऱ्हाइकाच्या गाडीचं दार उघडलं की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. सीटखाली सडलेली केळ्याची सालं, दाराच्या खणात नाक पुसलेले कागद, पायाखाली महिन्यापूर्वी सांडलेलं दूध. "शी! घरात लाद्या चकाचक पुसता आणि गाडीत उकिरडा पाळता होय?" वकील असो की मास्तर, तो कुणाची भीड ठेवायचा नाही. लोक हसत आणि खरं सांगायचं तर ऐकायलाच येत.

मग गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला. आठवडाभराने ताप उतरला आणि जाताना वासही घेऊन गेला. पहिल्यांदा कळलं ते स्वयंपाकघरात. तो गॅसजवळ खुर्ची टाकून पेपर वाचत होता आणि बायको बाहेरच्या खोलीतून धावत आली. दूध करपून पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं, घरभर धूर, आणि हा आपला पान उलटतोय. बायकोने एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा त्याच्या तोंडाकडे. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "सांगून टाका लोकांना. त्यात लाजायचं काय?"

"उद्या येईल परत," तो म्हणाला.

तो उद्या काही उजाडला नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही, न येईलही. आता कुणीही सरळ माणूस काय करेल? सांगेल. ह्याने काय केलं? ज्या स्कॅनरला जन्मभर 'आंधळ्याची काठी' म्हणून हिणवलं, तोच गुपचूप विकत आणला आणि पान्यांच्या खणात चिंध्यांखाली दडवला. गिऱ्हाईक चहाला गेलं की हा चोरासारखा तो काढायचा, गाडीला जोडायचा, पडद्यावरचं वाचायचा, परत चिंध्यांखाली ढकलायचा. गिऱ्हाईक आलं की सायलेन्सरपाशी उकिडवा, तळवा, मिटलेले डोळे, सगळं साग्रसंगीत! लोक माना डोलवायचे. त्याला मात्र त्या वाहवेची शिसारी यायची. एकदा तर मोरीत तोंड धुताना तो आरशातल्या आपल्याच नाकावर थुंकला होता. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उकिडवा बसलाच.

अशात एका दुपारी भाची आली. थोरल्या बहिणीची मुलगी. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करण्याचं तिचं काम, त्यामुळे दिवस सगळा गाडीत. मागच्या सीटवर तिची चार वर्षांची लेक, पाळणाघरात सोडायची आणि आणायची.

"मामा, गाडी फार जड झालीय रे. पाय दाबला तरी उचलतच नाही. पेट्रोलही ढोसते नुसती. आणि समोर हा दिवा लागलाय."

तिला चहाला पाठवून त्याने स्कॅनर जोडला. पडद्यावर आलं की धुरातली हवा मोजणारा ऑक्सिजन सेन्सर इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त असल्याचं सांगतोय. गाडी पेट्रोल ढोसतेय आणि हा म्हणतो कमी पडतंय? म्हणजे सेन्सरच खोटं बोलतोय, त्याने ठरवलं. भाची परत आल्यावर मागे बसून यथासांग हुंगलं आणि जाहीर केलं, "सेन्सर गेलाय."

तेवढ्यात पोर नाक चिमटीत धरून म्हणाली, "आजोबा, गाडीत घाण वास येतो."

चार माणसं उभी होती. नाकोबाने दारातून डोकं आत घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा सूं करून श्वास ओढला. "छे गं! कुठे? फुलासारखी तर आहे गाडी."

"आजोबावर गेलीय नाकाने," कोणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले. तोही हसला. नवा सेन्सर बसला, दिवा विझला, भाची गेली.

पाचव्या आठवड्यात ती परत आली. तोच दिवा, तोच जडपणा. नाकोबाने पार्टवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, "डुप्लिकेट माल खपवतात हरामखोर!" म्हणत दुसरा सेन्सर ठोकून दिला.

तिसऱ्यांदा आली ती संध्याकाळी, आणि तिचा चेहरा पांढराफटक होता. गाडी चालवताना डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून रस्त्याच्या कडेला अर्धा तास थांबली होती. पोर रोज गाडीत ओकते. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, गाडी लागते, मोठी झाली की जाईल. "मामा, मला वाटतं मलाही लागायला लागली," भाची उसनं हसून म्हणाली. गाडी ठेवून दोघी बसने गेल्या.

सकाळी त्याने गाडी सुरू केली आणि जागच्या जागी थिजला. टक टक टक टक. बॉनेटखालून, अगदी बारीक. आजवर ही गाडी त्याच्याकडे आली ती नेहमी तापलेली, आज पहिल्यांदा रात्रभर गारठून सुरू झाली होती. मिनिटभराने इंजिन तापलं तसा आवाज विरत गेला. त्याने इंजिन बंद केलं, निवू दिलं, वरचा पत्रा काढला. इंजिनातला धूर ज्या ओतीव फाट्यातून बाहेर पडतो त्या मॅनिफोल्डला बोटभर तडा होता आणि भोवती काजळीचा काळाकुट्ट ओघळ.

त्याला सगळं एका दमात कळलं. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती. पुढे बसलेला सेन्सर ती हवा बघून इमानाने कळवत होता आणि इंजिन आणखी आणखी पेट्रोल ओतत होतं. म्हणून जड, म्हणून खादाड. सेन्सर पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता; ह्याने दोन दोन धडधाकट सेन्सर उपटून फेकले होते. आणि त्याच फटीतून धूर बॉनेटखाली साचत होता, काचेखालच्या जाळीतून आत जात होता. कच्च्या पेट्रोलाचा विषारी धूर. ज्याला नाक आहे त्याला बॉनेट उघडताक्षणी कळलं असतं.

त्याने तोंड त्या तड्याजवळ नेलं. जीव खाऊन श्वास ओढला. काही नाही.

दहाच्या सुमाराला भाची लेकीला घेऊन आली. गॅरेजात नेहमीचे तिघंचौघं होते, तमाशाची वाट बघत. नाकोबा सायलेन्सरकडे गेला नाही. त्याने तिला तडा दाखवला, धूर आत कसा येतो ते सांगितलं. आधी हॉस्पिटलात जा, दोघींचं रक्त तपासून घ्या, म्हणाला.

भाचीने त्या काजळीवरून बोट फिरवलं. "मला वास यायचा मामा," ती हळूच म्हणाली. "रोज यायचा. ही तर आरडाओरडा करायची. पण म्हटलं, मामाने हुंगलीय गाडी, मामाला आला नाही म्हणजे आपल्याच मनाचे खेळ. हिला दटावलं मी. थंडी म्हणून काचा बंद करून घेतल्या."

लोकांच्या गाड्यांतली सगळी सडकी सालं, सगळं नासकं दूध एकीकडे आणि नाकोबा स्वतः एकीकडे. असली घाण त्याने तीस वर्षांत बघितली नव्हती.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. मग मागच्या तिघाचौघांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "ऐकलंत? वर्ष झालं. मला कसलाही वास येत नाही. नाटक करत होतो मी." त्याने खण ओढला, चिंध्या भिरकावल्या आणि स्कॅनर सगळ्यांसमोर टेबलावर आपटला.

कोणी हसलं नाही.

"मामा," भाची म्हणाली, "तुला दुरुस्त नसतं करता आलं तरी चाललं असतं रे. नुसतं म्हणाला असतास ना, मला कळत नाही, काचा उघड्या ठेव." तिने लेकीला कडेवर घेतलं आणि गाडीची किल्ली न मागता निघून गेली.

तपासणीत दोघींच्या रक्तात विष निघालं, पण थोडं. मोकळ्या हवेने आणि ऑक्सिजनने उतरेल म्हणाले डॉक्टर. ते ऐकून नाकोबाची बायको देवापुढे बसली आणि नाकोबा मोरीत जाऊन ओकला.

आठवड्याने नवा मॅनिफोल्ड बसवून गाडी तयार झाली. भाची आली, पण नमस्कारापलीकडे बोलली नाही. चारी काचा उघडून, गाडी उघड्यावर नेऊन त्याने इंजिन सुरू केलं. थंड इंजिन, टकटक नाही. पाच मिनिटं चालू दिलं. मग तो बाजूला झाला.

"तू घे वास," तो भाचीला म्हणाला. "तू म्हणशील तेव्हाच गाडी हलेल."

ती आत वाकली. बॉनेटपाशी गेली, पुन्हा आत वाकली. "नाही येत," ती म्हणाली.

पोर लांब, आईच्या ओढणीमागे उभी होती. नाक चिमटीत धरलेलंच. "आजोबा, तू का नाही बघत?"

नाकोबा तिच्यासमोर उकिडवा बसला. "आजोबाचं नाक बिघडलंय बाळा."

पोरीने थोडा विचार केला. "मग दुसरं लाव की. गाडीला लावलंस तसं."

नेहमीच्या तिघाचौघांपैकी एक जण फस्सकन हसणार होता, पण भाचीकडे बघून थांबला. ती हसत नव्हती. तिने लेकीला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, चारी काचा तशाच पूर्ण उघड्या ठेवल्या आणि थंडी असूनही तशीच निघून गेली.