राणीचं दूध

“जरा दूध काढून दाखवा,” इन्स्पेक्टर म्हणाले.

मी डॉक्टर सेन यांच्याकडे बघितलं. डॉक्टरांनी आढ्याकडे बघितलं. राणी आम्हा दोघांकडे बघत इन्स्पेक्टरसाहेबांच्या छत्रीचं टोक चघळत होती. आली का पंचाईत! राणी बोकड होती.

सांगते. फाळणीनंतरची ती वर्षं. कलकत्त्याजवळच्या बजबज गावी तागाच्या एका जुन्या गोदामात निर्वासितांचा कॅम्प होता. मी मूळची पुण्याची, समाजकार्य शिकलेली, यजमानांची रेल्वेत बदली झाली म्हणून कलकत्त्यात आलेली. डॉक्टर सेन मनोविकारांचे डॉक्टर, विलायतेहून शिकून आलेले. मुलं साठ-सत्तर, आणि आम्ही दोघं. कोणी झोपेत किंचाळायचं, कोणी भाताच्या ताटाला मिठी मारून बसायचं. आठ वर्षांची पुतुल तर बोलायचीच नाही. कान ठीक, जीभ ठीक, पण सीमेपलीकडून आल्यापासून तोंडातून शब्द नाही. दिवसभर टेबलाखाली. अशा मुलांना प्रश्न विचारून काही निघत नाही. त्यांना खेळू द्यायचं, खेळता खेळता मनातलं आपोआप बाहेर येतं. याला प्ले थेरपी म्हणतात. म्हणून गोदामाच्या एका कोपऱ्याला पडदा लावून आम्ही खेळाची खोली केली.

सुरू करणं सोपं होतं हो. चालू ठेवणं महाकठीण. कलकत्त्यात एस्प्लनेडच्या सरकारी ऑफिसात मी खेळण्यांचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवला. उत्तर आलं, ‘खेळण्यांना हेड नाही.’ हेड म्हणजे मंजुरीचा कप्पा. ज्या वस्तूला कप्पा नाही, ती वस्तू सरकारच्या लेखी जगातच नाही. आमच्या वाट्याला तीन कप्पे होते: कपडे, औषध आणि डाएट. डाएटच्या यादीत अगदी खाली लिहिलं होतं, ‘दुभती शेळी, एक.’

“जिवंत खेळणं!” डॉक्टर टाळी वाजवून म्हणाले. “लहानच आणू. वाढेल, दूध देईल, आणि तोवर मुलं तिच्याशी बोलतील.”

बाजारात आम्ही दोघंच गेलो, हीच चूक. मी सदाशिव पेठेतली. दूध गवळ्याच्या मापातून येतं, एवढीच माझी अक्कल. डॉक्टरांनी एक काळंभोर करडू उचललं, त्याचे डोळे, दात आणि जीभ तपासली आणि ‘फीमेल, हेल्दी’ असं सर्टिफिकेट लिहिलं. विकणारा खो खो हसत होता. माणूस मोठा आनंदी वाटला आम्हाला.

दोन महिन्यांनी कॅम्पच्या स्वयंपाकीण मासींनी आमचे डोळे उघडले. “दीदी, हिचं दूध हवं असेल तर आधी देवाला नवस बोला,” असं म्हणून त्या तोंडात पदर कोंबून हसत सुटल्या. मी तडक डॉक्टरांना जाब विचारला.

“मी मनाचा डॉक्टर आहे,” ते म्हणाले. “मानेखालचं मी तपासत नाही.”

चूक कबूल करावी, तर राणीचा लिलाव होणार. कालीपूजा तोंडावर आलेली, तेव्हा काळ्या बोकडाचं काय होतं ते मी सांगायला नको. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! आणि मुख्य म्हणजे तोवर पुतुल टेबलाखालून बाहेर आली होती. राणीच्या कानाला तोंड लावून ती तास तास कुजबुजायची. माणसांशी अजून एक अक्षर नाही, पण ओठ हलत होते. राणी गेली असती तर पोरगी परत टेबलाखाली गेली असती, कदाचित कायमची. त्या नुसत्या विचारानं मला धडकी भरायची.

म्हणून मी गप्प बसले. खोटं मात्र लिहिलं नाही. दर महिन्याच्या रिपोर्टात लिहायची, ‘दूध: अद्याप नाही.’ एस्प्लनेडहून उत्तर आलं, ‘त्वरा करावी.’ पुढच्या महिन्यात आलं, ‘कारणं कळवावीत.’ मी कळवलं, ‘जनावराची प्रकृती दुधाला अनुकूल नाही.’ यावर इन्स्पेक्टर चक्रवर्तीबाबू स्वतःच येऊन थडकले. दूध नसेल तर जनावर परत, आणि खेळाच्या खोलीत तांदळाची पोती, असा हुकूम खिशात घेऊनच.

“ती आज जरा रुसलीय,” मी म्हणाले.

“मानसिक ताण,” डॉक्टर म्हणाले. “अनोळखी माणसांसमोर पान्हा चोरते.”

“माझ्या आजोळी वीस शेळ्या होत्या,” असं म्हणत चक्रवर्तीबाबूंनी बाह्या वर केल्या आणि ते वाकले.

तेवढ्यात पोरांच्या घोळक्यातून पुतुल पुढे आली. तिनं बाबूंचा हात धरून त्यांना बाजूला ओढलं आणि राणीच्या कानाशी धरायची तसेच दोन्ही हात त्यांच्या कानाशी धरले. पण माणसांशी बोलायची सवय गेलेली, त्यामुळे कुजबूज काही जमली नाही. सगळ्या गोदामाला ऐकू गेलं.

“हा बोकड आहे,” ती म्हणाली. “आम्हाला पहिल्या दिवसापासून माहितीये. पण दीदीला सांगू नका हं. तिला वाईट वाटेल.”

सगळी पोरं माझ्याकडे काळजीनं बघत होती. आम्ही ऑफिसपासून लपवत होतो, आणि पोरं आमच्यापासून! मी मटकन खाली बसले आणि ढसाढसा रडले. पुतुलला वाटलं, मी राणीच्या बातमीनंच रडतेय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“असू दे, दीदी,” ती म्हणाली. “स्वभावानं चांगला आहे तो.”

“कोण ही मुलगी?” बाबूंनी विचारलं.

“फाइलमध्ये मुकी म्हणून लिहिलीय ती,” डॉक्टर म्हणाले.

चक्रवर्तीबाबूंनी राणीच्या तोंडातून छत्री सोडवली, खिशातला हुकूम काढला, एकदा वाचला आणि छत्रीच्या जागी तिच्यापुढे धरला. राणीनं तो शिक्क्यासकट खाल्ला. रिपोर्टात त्यांनी लिहिलं, ‘दूध निरंक. जनावर डाएटमधून काढून औषधाच्या हेडखाली घ्यावं.’

खोली राहिली, राणीही राहिली. एस्प्लनेडहून पुढे एकदाच विचारणा आली: ‘सदर औषधाचा शिल्लक साठा व मुदत संपण्याची तारीख कळवावी.’ तोवर पुतुल इतकी बोलायला लागली होती की डॉक्टर सेन फाइली लिहायला टेबलाखाली जाऊन बसायचे.

माझा धडा साधा आहे. दुखावलेल्या मुलाला बोलतं करायला काय लागेल, ते कुठल्याच यादीत सापडत नाही. आणि करडू विकत घेताना विकणारा खो खो हसत असेल, तर का हसतोय ते तिथल्या तिथे विचारून घ्यावं.