पेन्सिल उमटली पाहिजे

आमच्या शेजारच्या काकांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या नजरेत पसंत केलेली नाही. निदान काकूंचा तरी अपवाद असेल असं कोणाला वाटेल, तर तोही नाही. काकूंना बघायला ते भंडाऱ्याला तीनदा गेले होते. "पहिल्यांदा खोलीत अंधार होता, दुसऱ्यांदा पाहुने गच्च होते," असं ते सांगायचे, "अन् तिसऱ्यांदा मी काय पाहतो, तिनंच मले पाहून घेतलं." पोलाद कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासून घ्यायचा, हे त्यांचं जन्मभराचं काम. दोरखंड, हातमोजे, साबण, झाडू, कपाटांची कुलपं, जे जे फाटकातून आत येई ते काकांच्या हाताखालून जाई आणि त्यातलं पुष्कळसं आल्या वाटेनं परत जाई. नोकरी सुटली तेव्हा कारखान्याच्या वसाहतीतलं सेक्टर दहाचं क्वार्टर सोडून ते कोहक्यात आमच्या शेजारी राहायला आले, पण तपासणी काही सुटली नाही. नव्या घराच्या विटा त्यांनी जोडीजोडीनं एकमेकींवर आपटून, कान देऊन, आवाज ऐकून घेतल्या. खिशात खडू कायम असे. माल पसंत पडला की बरोबरची खूण, नापसंत पडला की फुली. एकदा बाजारात त्यांनी एक कलिंगड वाजवून पाहिलं आणि जुन्या सवयीनं त्यावर फुली मारून पुढे गेले. त्या फुलीवाल्या कलिंगडाला दिवसभर गिऱ्हाईक मिळेना. संध्याकाळी तो फळवाला ते खांद्यावर घेऊन विचारत विचारत आमच्या गल्लीत हजर झाला. काकांनी मुकाट्यानं ते विकत घेतलं. कापलं तर आतून लालभडक! पुढे आठवडाभर काकू ताटात पोळी वाढताना विचारत होत्या, "साहेब, पास का फेल?" माझ्या स्कूटीच्या मागच्या टायरवर तर मी ते बदलेपर्यंत रोज सकाळी ताजी फुली असायची.

अशा माणसाला प्रिंटर घ्यायचा होता.

घराच्या पुढच्या खोलीत काकांचं 'हापिस' आहे. वेळ सकाळी दहा ते एक, रविवारी बंद. पेन्शनीत निघालेली माणसं, नवरा गेलेल्या बाया, कोणाचा हयातीचा दाखला, कोणाचा दवाखान्याच्या बिलाचा अर्ज, हे सगळं काका फुकट लिहून देतात. मात्र आधी अर्जदाराची तपासणी होते. "आधारवर तुहं नाव एक, पासबुकावर दुसरं. नेमका कोन आहेस तू?" असं त्यांनी चष्म्यावरून विचारलं की भलेभले गडबडतात. अर्ज कार्बन घालून तीन प्रतींत: एक सरकारची, एक अर्जदाराची, एक हापिसची. सगळे म्हणायचे, काका, ऑल-इन-वन घ्या, छापतं, स्कॅन करतं, झेरॉक्सही काढतं. काकांना त्या नावाचाच संशय. "आमच्या डिपार्टमेंटले एक असाच होता," ते म्हणत, "सगळंच येते म्हने. शेवटी त्याले कॅन्टीनच्या कमिटीत टाकला."

तरी प्रिंटर हवाच होता, आणि तो हापिससाठी नव्हता. हापिसचं काम कार्बनवर आणखी वीस वर्षं चाललं असतं. तो हवा होता काकूंच्या कागदांसाठी.

काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. त्यानंतर सव्वा वर्ष त्या होत्या, आणि ते सव्वा वर्ष त्या लिहून बोलल्या. निजल्या निजल्या कागद वर धरून लिहायचं तर बॉलपेन चालत नाही, दोन शब्दांत कोरडं पडतं, म्हणून पेन्सिल. आणि कागद कुठले, तर कारखान्यानं रद्दीत काढलेल्या जुन्या तपासणी-अहवालांच्या प्रती, ज्या काकांनी "एक बाजू तर कोरी आहे ना" म्हणून गठ्ठ्यानं घरी आणल्या होत्या. पुढच्या बाजूला छापील रकाने आणि तळाला काकांची ठसठशीत सही, मागच्या बाजूला काकू. त्या लिहून बोलायच्या आणि काका तोंडानं उत्तर द्यायचे, त्यामुळे त्या गठ्ठ्यात संभाषण आहे ते एकाच बाजूचं. 'कोन आलं होतं?' 'मंग तुमी काय म्हनले?' 'खोटं.' असं एकाखाली एक. मधलं काकांचं बोलणं कुठेच नाही. ते त्यांनाच आठवेल तेवढं.

मी लग्न होऊन नागपूरकडून इथं हिंदी मुलखात आले. नवरा दुर्गला रेल्वेत, मी शाळेत. माझी पोरं मला हिंदीतच उत्तर देतात. "मम्मी, बोलो ना हिंदी में," असं धाकटी चारचौघांत म्हणते. दिवसाकाठी पोटभर मराठी बोलायचं ठिकाण म्हणजे काकू. त्यांचा आवाज गेला तरी मी जायची, त्या लिहायच्या आणि मी वाचायची. त्या गेल्यावर मला काकांकडे जायला धीर होईना. महिन्यानं गेले, तर ते खिडकीशी तो गठ्ठा घेऊन बसलेले. गठ्ठ्यात कागदावर कागद घासून पेन्सिल निघत होती. अक्षरांचा करडा धूर होत चालला होता. "पोरी," ते म्हणाले, "हे पुसून राहिलं." आवाजाची दुसरी काही खूण घरात नव्हती, काकू फोनवर बोलायला लाजत, फीत नाही, चित्रफीत नाही. जे होतं ते एवढंच, आणि तेही जात होतं.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. रविवारी सकाळी मी स्कूटी काढायची, मागे काका, छातीशी फाइल. प्रत्येक वळणावर मी इंडिकेटर लावायची आणि वर काका हात काढायचे, म्हणजे दोन साक्षी झाल्या. सुपेला, पॉवर हाऊस, सिव्हिक सेंटर, दुर्गचं स्टेशन रोड, एवढंच काय अहिवाऱ्याला कोणाच्या साळ्याचं दुकान आहे म्हणून तिथंही जाऊन आलो. दुकानदार मोठ्या कौतुकानं कंपनीचा नमुना छापून दाखवायचा: पोपट, धबधबा, लाल छत्रीखाली हसणारी बाई. काका त्याच्याकडे बघतही नसत. "कंपनीचा नमुना कंपनीलेच दाखवा. नमुना आपला पायजे," असं म्हणून ते फाइलमधून काकूंचा एक कागद काढत आणि दोन्ही हातांनी काचेवर ठेवत. यंत्र गुरगुरायचं आणि प्रत बाहेर यायची. तीत पुढच्या बाजूचे छापील रकाने पातळ कागदातून आरपार दिसून झकास उठायचे, काकांची सही तर त्याहून झकास. पेन्सिल मात्र गायब. "फेल," काका म्हणायचे आणि खोक्यावर खडूनं फुली. बाकीही कारणं असत. एक यंत्र झाकण मिटताना करकरलं म्हणून गेलं. एक बरं होतं, पण विकणारा म्हणाला "अंकल, ट्रस्ट मी", तिथंच ते संपलं. पॉवर हाऊसचा एक दुकानदार आमची स्कूटी लांबून दिसली की अर्धं शटर ओढून 'लंच' अशी पाटी लावायचा, सकाळी साडेदहाला.

नमुन्याचा कागदही त्यांनी विचार करून निवडला होता. कारखान्यात लोखंडाचा तुकडा ओढून ओढून तोडतात आणि त्यावरून बाकीचा माल पास होतो. तो तुकडा मात्र संपतो. म्हणून गेला तरी चालेल असा कागद त्यांनी काढला. त्यावर होतं काय? 'दूध आना. धोब्याकडची चादर. कढीपत्ता. कोथिंबीर नोको, परवाची आहे. बाहेर थंड आहे, सेटर घाला.' बस, एवढंच. पण सात-आठ महिने तोच कागद दुकानोदुकान फिरला, प्रत्येक काचेला थोडी पेन्सिल देत गेला. 'दूध'मधला 'दू' तर जवळजवळ गेलाच. एकदा रेल्वे फाटकात गाडी थांबवून उभे होतो, तेव्हा काका मागून म्हणाले, "कावून निवडलं मी याले?" मी म्हटलं, "बाकीचे सगळे तर घरी आहेत ना, काका." ते म्हणाले, "ते घरी आहेत. हाच तर माह्यासंग फिरून राहिला." मला एकाएकी त्यांचा राग आला. मी म्हटलं, "मग घ्या ना आता एखादं! तुमच्या तपासणीपायी सगळे कागद पुसून जातील, मग काय छापणार तुमचं पास झालेलं मशीन?" मालगाडी जायला वेळ लागला. फाटक उघडल्यावर म्हणाले, "तिच्यासाठी फेल माल घेऊ का मी?"

सुपेल्याच्या दुकानात आम्ही पाचव्यांदा गेलो तेव्हा तिथला दुकानदार, तोंडानं फटकळ पण एरवी सोशिक माणूस, खरोखरच वैतागला. "अंकल, आपको प्रिंटर नहीं चाहिए, आपको टाइमपास चाहिए," असं म्हणून त्यानं काकांच्या हातातला कागद ओढून घेतला. आधी पुढची बाजू पाहिली, मग उलटून मागची. अक्षर आपल्याच लिपीतलं, त्यामुळे वाचता येत होतं. "ये किसने लिखा?" त्यानं मला विचारलं. मी सांगितलं. काका रस्त्याकडे बघत उभे होते. मग त्यानं बिलबुकाचा काळा पुठ्ठा फाडला, कागद काचेवर पालथा ठेवला आणि त्याच्या पाठीवर तो पुठ्ठा दाबून धरला. "ढक्कन सफेद है ना अंकल, इसलिए पीछे का छप जाता है। पटवारी के पुराने काग़ज़ हम ऐसे ही निकालते हैं।" काळेपणा त्यानं शेवटच्या घरापर्यंत चढवला आणि बटण दाबलं.

प्रत बाहेर आली. रकाने नव्हते, सही नव्हती. काकूंचं अक्षर होतं, त्यांच्या हातात ताकद असतानाचं वाटावं इतकं ठळक. दूध, चादर, कढीपत्ता, सेटर. मी काकांकडे पाहिलं. खडू त्यांच्या हातात होता, पण हात हलत नव्हता. तेवढ्यात दुकानदारानं तळाशी बोट ठेवलं. "और ये नीचे? बसा ना जरा. मतलब?"

"कुठी?" काका म्हणाले.

जिथं पुढच्या बाजूनं त्यांची सही यायची, बरोबर त्या जागी, तिरकं, घसरत गेलेलं: 'बसा ना जरा.' इतके महिने ती सहीची सावली त्यावर पडलेली होती. काकांनी भिंग काढलं, मूळ कागद पाहिला, प्रत पाहिली, पुन्हा कागद पाहिला. त्यांच्या डोळ्यांखालून आयुष्यात काही सुटलं नव्हतं आणि हे सुटलं होतं. "मी तवा निघून गेल्तो, पोरी," ते म्हणाले. "तिनं यादी लिवली, मी वाचली, अन् लगेच सेटर घालून निघालो. धोब्याकडं वेळ लागला. आलो तं ती झोपली होती." मग जरा थांबून, कोणाला म्हणून नव्हे, "मले आवाज थोडीच देता येत होता तिले," असं म्हणाले. दुकानदारानं स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत.

यंत्र कोणतं घेतलं ते सांगायला नको. जे समोर होतं तेच घेतलं. झाकण त्याचंही करकरतं. आता ते हापिसात टेबलावर आहे, शेजारी काळा पुठ्ठा. सगळ्या कागदांच्या प्रती निघाल्या, तीन तीन. काम खरं तर कधीच संपलं. पण काकांना आता दुसरंच लागलंय. दहा ते एक अर्ज लिहायचे, आणि मग एकेक कागद पुन्हा काचेवर ठेवायचा, काळेपणा शेवटच्या घरावर, आणि जिथं काही लिहिलेलं दिसत नाही नेमकी तीच जागा पाहायची. आपण उठून गेल्यावर तिनं आणखी काही म्हटलं असेल तर.

गेल्या रविवारी मी दुपारी गेले. ते म्हणाले, "बरी आली, पुठ्ठा धर." मी धरला. यंत्र गुरगुरलं आणि प्रत आली. वर दोन ओळी, 'पंखा कमी करा' आणि 'गोळी झाली', आणि खाली नुसता करडा कागद. काकांनी तो खिडकीशी नेला, तिरका धरला, भिंग लावलं. बराच वेळ ते पाहत होते. मलाही त्या करड्यात काहीतरी दिसावं असं फार वाटत होतं.

"काही नाही," ते शेवटी म्हणाले.

फेल म्हणाले नाहीत. तो करडा कागद त्यांनी जपून फाइलला लावला आणि पुढचा कागद काचेवर ठेवला.