पाच शेर होईपर्यंत

दवाखान्यात नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत. आयोडिनच्या डागांसारखे ते आपसूकच पदराला लागतात आणि धुऊन निघत नाहीत. आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हा मी चिखलीला एका दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर, मी आणि सकीनाबी नावाची म्हातारी दाई, एवढ्यांवर बाळंतिणींचा सगळा कारभार!

*

धाडच्या एका बाळाच्या हाताला सहा बोटं. डॉक्टर म्हणाले, "हे सहावं काही कामाचं नाही. काढून टाकू."

बाळाची आजी उसळलीच. "काऊन? तुमच्या दवाखान्यात कंपाउंडर दोन, काम करते एकच. दुसऱ्याले काढलं का तुमी?"

दुसरा कंपाउंडर तिथेच उभा होता! बोट राहिलं.

*

त्या दिवशी पोट धरून हसलो. पुढच्याच आठवड्यात जानेफळची गंगू आली, तेव्हा मात्र कुणाला हसू येईना. पहिलटकरीण. मुलगी झाली, तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, आत टाळूही उघडी. सासू दारातूनच ओरडत आली, "ग्रहणात भाजी चिरली इनं!"

गंगू रडून रडून सांगत होती, "नाई चिरली वो, नाई चिरली."

डॉक्टरांनी पंचांग मागवलं. दिवस राहिल्यापासूनचा एकेक महिना बोट ठेवून पाहिला. एकही ग्रहण नाही!

सासू जराही डगमगली नाही. "मंग आदल्या ग्रहणाचं उरलं असन!"

मला राग आला त्या बाईचा. फार आला.

*

पोरीला अंगावर ओढता येईना. मी तिला मांडीवर आडवी घेऊन बोंडल्याने दूध घाली आणि ते नाकातून परत! ठसका लागे, ती निळी पडे. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वॉर्डातून ओसरीत, ओसरीतून वॉर्डात, नुसत्या फेऱ्या.

सकीनाबी बघत होती. म्हणाली, "बाई, तुमी निजून च्या पेता का?"

तिने पोर माझ्याकडून घेतली, ताठ बसवली आणि चमच्याने गालाच्या आत थेंब थेंब सोडला. दूध पोटात गेलं! गंगू दोन दिवसांत शिकली. सासू खांबाला टेकून नुसती बघत राही.

*

डॉक्टर म्हणाले, "पाच शेर भरली की ओठ शिवता येईल. त्याआधी तिला झेपणार नाही."

बाळं तोलायचा काटा आमच्याकडे नव्हता. मग दर बाजारच्या दिवशी गंगू पोर घेऊन यायची आणि शेजारच्या किराणा दुकानात तिला तागडीत बसवायचं! एकदा पाच शेर भरली. गंगू नाचायचीच बाकी होती, पण माझी नजर तागडीवर.

"शेठ, अंगठा!"

"अरेच्या! सवयीनं गेला, बाई!" दुकानदाराने जीभ चावली.

अंगठा निघाला आणि पोर पावशेर कमी! आणखी पंधरा दिवस थांबणं आलं. एवढी वाट मी कुणाचीच पाहिली नाही. औषधाच्या बाटल्या पुसायला घ्यायची आणि रस्त्याकडे बघत तीच बाटली पुन्हा पुसायची.

*

शेवटी ओठ शिवला. टाके निघेपर्यंत पोरीला रडू द्यायचं नव्हतं. गंगूचा डोळा लागला होता, म्हणून सकाळपासून सासूच पोरीला घेऊन बसलेली. ताठ बसवून, चमच्याने, गालाच्या आत. मी फेऱ्या मारत तिसऱ्यांदा आले तरी ती तशीच. पोर तिच्या हातावर कधीच झोपली होती.

"आजी, पिऊन झालं तिचं. निजवा आता."

ती हलली नाही.

"माह्या पहिल्या लेकराचा ओठबी असाच होता, बाई," ती म्हणाली. "म्या त्याले निजवूनच पाजलं."