पाच किलोंचा पासंग

काटेमास्तरांना राग यायला कधीच फारसं कारण लागलं नाही. पण गेली दोन वर्षं कारणं आपल्या पायांनी चालत दाराशी येत होती. एकदा शेजारची बाई जिन्यात गाठून म्हणाली, "काय छान बारीक झालात हो मास्तर. आमच्या ह्यांनाही जरा युक्ती सांगा." युक्ती सोपी आहे, आधी फुप्फुसं नासवून घ्या, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढं बोलायला मध्ये दोनदा थांबावं लागलं असतं, आणि थांबत थांबत दिलेलं उत्तर काय कामाचं? म्हणून त्यांनी नुसतं दार आपटलं. तेवढ्यानंही धाप लागली, तेव्हा दाराचाही राग आला.

माणूस काटे दुरुस्त करणारा. भाजीवालीच्या तागडीपासून गोदामातल्या पोत्यांच्या काट्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्याआधी, मिसरूड फुटायच्या वयापासून, त्यांनी बारा वर्षं लोखंडी मापं ओतायच्या भट्टीवर काढली. तिथली वाळू, धूर आणि वर दिवसाला दोन पाकिटं सिगारेट, असा त्या छातीचा खुराक होता. भट्टी सुटली, पुढे सिगारेटही सुटली, पण छातीनं हिशेब धरून ठेवला होता. साठी उलटल्यावर तिनं तो पुढ्यात मांडला.

धंद्यात मात्र माणूस बावनकशी. एका व्यापाऱ्यानं एकदा हळूच विचारलं होतं, काट्यात पन्नास ग्रॅमचा पासंग ठेवता येईल का, कुणाला कळणार आहे? मास्तरांनी त्याचा काटा रस्त्यावर ठेवला आणि त्यालाही काट्याशेजारी उभं केलं. "पासंग ठेवणारा माणूस आईच्या दुधातही पाणी घालील," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्या बाजारात दोन दुकानदार हमरीतुमरीवर आले की लोक म्हणायचे, मास्तरांचा काटा आणा. काटा बोलला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. घरातही तोच कायदा.

तर अशा माणसाला दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "वजन शेहेचाळीस आहे. तुमच्या उंचीला हे फारच कमी. आणखी घसरलं, आणि थंडीत छातीत कफ भरला, तर तुम्हाला उठवून बसवणं आमच्या हातात राहणार नाही." तिथली आहारतज्ज्ञ म्हणजे एक तरुण, ठेंगणी बाई. तिनं शेजारच्या खोलीत नेऊन नीट समजावलं. धडधाकट माणसाला श्वास घेतो हे कळतही नाही. मास्तरांचं अंग मात्र नुसत्या श्वासासाठी दिवसभर हमालासारखं राबतं, आणि खाल्लेलं सगळं त्यातच जळतं. म्हणून भरपूर खायचं. पण पोट गच्च भरलं की ते छातीला खालून दाबतं, म्हणून एका वेळी थोडंच खायचं. दिवसातून सहा वेळा. अंडी, दूध, लोणी, मऊ शिजवलेलं सगळं. जेवायच्या आधी अर्धा तास आराम, आणि जेवताना पाणी पिऊन पोट भरायचं नाही.

सांगायला तिचं काय जातं? मास्तरांना विचारा. घास तोंडात घातला की तोंड बंद करावं लागतं, आणि तोंड बंद केलं की जीव वर येतो. चावायचं की श्वास घ्यायचा, हा प्रश्न घासागणिक. चार घासांत कपाळावर घाम, सहाव्याला चमचा खाली. लोक जेवून ताजेतवाने होतात. हा माणूस जेवून दमायचा, म्हणून सहा वेळा दमायचा. आणि समोर बायको.

ती काही बोलत नसे. बटाटा लोण्यात कुस्करून, डाळीत अंडं फोडून, दुधात साय ढवळून ती ताट पुढे ठेवी आणि समोर बसून बघत राही. त्यांचा हात ताटाकडे गेला की तिचे डोळे मागोमाग जात, हात थांबला की डोळे थांबत. पंधरा दिवस मास्तरांनी सोसलं. मग एके दिवशी त्यांनी चमचा आपटला.

"ताटाकडे बघत बसू नकोस. मी काय... पिंजऱ्यातलं जनावर आहे?"

"अहो, मी कुठे काय म्हटलं?"

"तेच. म्हणतही नाहीस. नुसती टपून बसतेस. जा आत."

ती गेली. त्या दिवसापासून संध्याकाळी सहाला ताट ठेवायचं, दार लोटायचं आणि आत जायचं, असा तिनं नेम केला. आपण मागाहून जेवू, असं म्हणाली होती. मास्तरांना शांतता मिळाली, आणि मागच्या खिडकीत येणाऱ्या मांजराला अर्धं ताट मिळू लागलं. मांजर बघता बघता गुटगुटीत झालं.

दर रविवारी सकाळी वजन करायचं, असा दवाखान्याचा हुकूम होता. त्यासाठी मास्तरांनी स्वतः जुळवलेला गोल तबकडीचा काटा झोपायच्या खोलीत आणून ठेवला होता. तिसऱ्या रविवारी तो साडेपंचेचाळीसवर थांबला. बायकोनं आकडा वाचला, पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात ती अशी चारदोनदाच उभी राहिली असेल. मास्तरांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा त्यांना भयंकर राग आला. अर्धा किलो. एवढ्या अर्ध्या किलोसाठी घरात सुतक?

पुढच्या शनिवारी ती बाजारात गेल्यावर त्यांनी काट्याचं झाकण काढलं आणि आतला स्क्रू जरासा फिरवला. पस्तीस वर्षांत ज्या बोटांनी कुणासाठी हे केलं नाही, त्या बोटांना ते क्षणात जमलं. रविवारी काट्यानं शेहेचाळीस दाखवले. बायको हसली आणि तिनं दवाखान्यात फोन केला, "वजन जागच्या जागी आहे." तिकडून उत्तर आलं की छान, मग इतक्यात यायची गरज नाही, आकडा तेवढा फोनवर कळवत जा.

एकदा फिरवलेला स्क्रू तिथेच थोडा थांबतो? वजन घसरत राहिलं, तसा स्क्रू फिरत राहिला. शनिवारी पाव किलो, कधी अर्धा. पँट कमरेवर राहीना, तेव्हा मास्तरांनी पट्ट्याला टोच्यानं नवी भोकं पाडली. बायकोनं विचारलंच, "पट्टा सैल झाला का हो?"

"जुना झाला. कातडं ताणतं."

तिनं मान डोलावली. डोळ्यांना दिसत होतं ते तिनं बाजूला ठेवलं, कारण काटा शेहेचाळीस म्हणत होता, आणि ह्या घरात काट्यापुढे डोळ्यांचं चालत नसे. आपण बाईला फसवतोय हे मास्तरांना कळत नव्हतं असं नाही. पण कळलेली गोष्ट रागानं झाकता येते, आणि राग त्यांच्याकडे मुबलक होता. दवाखान्याचा, आहारवालीचा, मांजराचासुद्धा.

चार महिन्यांनी तपासणीची तारीख आली. आहारवालीनं त्यांना आपल्या खोलीतल्या काट्यावर उभं केलं. आकडा एक्केचाळीसवर थांबला. तिनं कागद पाहिला, पुन्हा आकडा पाहिला.

"फोनवर तर दर वेळी शेहेचाळीस सांगताय."

"शेहेचाळीसच आहे," बायको म्हणाली. "रविवारीच बघितलं मी."

खरं बोलायची ही सोपी वेळ होती. मास्तरांनी ती दवडली. चोर तो चोर, वर शिरजोर, हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. त्या दिवशी ते स्वतः करून दाखवलं.

"काटा बिघडलाय तुमचा," ते म्हणाले, आणि दम घ्यायला थांबले. "दवाखान्यातले काटे... कुणी बघतं तरी का? हिला उभी करा. घरी हिचं... चोपन्न आहे. बघा इथे किती दाखवतो."

बायकोनं चपला काढल्या आणि ती काट्यावर चढली. एकोणपन्नास.

"बघा. पाचाची खोट. माझ्यात पाच, हिच्यातही पाच." आवाज चढला, खोकला आला, तरी त्यांनी बोट काट्याकडे रोखून धरलं. डोकं चालवलं होतं खरं. धंद्यातलं सगळं ज्ञान त्या एका खोटेपणाला जुंपलं होतं.

आहारवाली वाद घालत बसली नाही. टेबलाखालून तिनं वीस किलोचं माप दोन्ही हातांनी ओढून काढलं आणि काट्यावर ठेवलं. वीस. ना केसभर इकडे, ना केसभर तिकडे.

"दर सोमवारी ठेवून बघते," ती म्हणाली.

मास्तर त्या मापाकडे बघत राहिले. बायकोशी खोटं बोलले होते, दवाखान्याशी बोलले होते. पण वीस किलोच्या मापाला खोटं पाडायचं, हे त्यांच्याच्यानं होईना. बोट आपोआप खाली आलं.

"घरचा काटा... मी फिरवलाय," ते म्हणाले.

आता बायको ओरडेल, रडेल, असं त्यांना वाटलं, आणि त्यासाठी ते तयारही होते. उलट ओरडणं त्यांना नेहमीच सोपं जायचं. पण ती चपला हातात घेऊन तशीच उभी होती. ती दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होती.

"म्हणजे मी एकोणपन्नास आहे?"

"अगं, हो."

"पण मी तर वाढले होते," ती म्हणाली. "मी बावन्न होते. मग चोपन्न झाले. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बावन्नच्या वर जाऊ नका, नाहीतर जिना बंद होईल. म्हटलं, ह्यांच्यासाठी एवढं लोणी-दूध घरात येतंय, ढवळताना, चाखताना माझ्याच पोटात जात असणार. म्हणून रात्रीचं जेवण सोडलं."

"कधीपासून?" आहारवालीनं विचारलं.

"तीन महिने होतील. तरी काटा चोपन्नवरून हलेना. म्हणून मग दुपारचंही अर्धं केलं."

"चक्कर येते?"

"येते जिन्यात. म्हटलं, वय झालं."

मास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांनी तिला समोरून उठवून ज्या दाराआड धाडलं होतं, तिथे ती तीन महिने उपाशी बसत होती, आणि इकडे हे ताटातलं लोणी मांजराला घालत होते. ती उपाशी राहून घटत गेली, तसतसा हे स्क्रू पुढे फिरवत गेले; तिला बिचारीला कळणार तरी कसं? गिऱ्हाइकाला पन्नास ग्रॅमला फसवणाऱ्याला त्यांनी रस्त्यावर काढलं होतं. हा पाच किलोंचा पासंग त्यांनी घरात ठेवला, आणि बायकोच्या तोंडचा घास त्यात गेला. अंगात जोर असता तर त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती. एवढा राग त्यांना आजवर त्या व्यापाऱ्याचाही आला नव्हता.

आहारवालीनं नवे कागद लिहिले, एकाऐवजी दोन. डॉक्टरांनी औषध बदललं, जेवताना नाकाला लावायच्या प्राणवायूची सोय करून दिली, आणि ह्यापुढे दर पंधरा दिवसांनी इथे येऊनच वजन करायचं, असं बजावलं. वाटेत बायको एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मास्तरांना राहवलं नाही.

"बोल काहीतरी. शिव्या दे."

"आधी जेवते," ती म्हणाली. "मग भांडते. आत्ता ताकद नाही."

सहाला तिनं दोन ताटं घेतली आणि त्यांच्यासमोर बसली. त्यांच्या ताटाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. आपल्या ताटातलं खाली मान घालून जेवत राहिली, भुकेलं माणूस जेवतं तशी. मास्तर तिच्याकडे बघत होते. एक घास, मग चार श्वास, मग दुसरा घास, असं करत पाऊण तासात त्यांनी ताट संपवलं. खिडकीत मांजर ओरडलं, ते त्यांनी ओरडू दिलं.

दम खाली बसल्यावर ते उठले आणि हत्यारांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढून झोपायच्या खोलीकडे निघाले.

"कुठे निघालात?"

"काटा सरळ करतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"राहू द्या," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तो दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेऊ."

मास्तर दारातच थांबले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर पेटीत परत ठेवला. गावभरचे काटे ज्यांच्या हातानं खरे ठरले, त्यांचा हात घरात बाद झाला होता, आणि बाद करणारी बरोबर होती. रात्रभर ते उशीला टेकून बसले होते, आणि ते काही नुसत्या छातीमुळे नव्हे.

सकाळी त्यांनी पुलापलीकडच्या काटेवाल्याला फोन लावला. ह्या माणसाला ते वीस वर्षं चारचौघांत 'ठोकपीट करणारा' म्हणत आले होते. पलीकडचा आवाज ओळखून तो आधी गडबडलाच.

"मास्तर, तुम्ही? कुणाचा काटा आहे?"

"माझ्या घरचा."

"काय झालंय त्याला?"

मास्तरांनी खिडकीची चौकट धरली आणि पुरेसा श्वास घेतला, म्हणजे मध्ये थांबावं लागू नये.

"पाच किलो खोटा आहे. मीच केलाय. सरळ कर आणि सील ठोकून जा, पुन्हा माझा हात आत पोचता कामा नये."